खडकवासल्याची शिंपली

खडकवासला म्हटलं की मराठी माणसाला काय आठवतं? राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आठवते. पुण्याला पाणी पाजणारं धरण आठवतं. ज्यांचे केस पिकले आहेत त्यांना १२ जुलै १९६१ हा दिवस आठवतो. त्या दिवशी पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्यानं खाली खडकवासल्याची भिंतही नेली आणि पुण्यातल्या मुठेकाठच्या पेठा पाण्यात गेल्या. या गावाचं नाव आणखी एका ठिकाणी नोंदलेलं आहे, ते मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं. जगातल्या गोड्या पाण्याच्या शिंपल्यांच्या यादीत एक नाव आहे : परेशिया खडकवस्लाएन्सिस. भारतीय प्राणी सर्वेक्षण या कलकत्त्याच्या संस्थेतले संशोधक एच. सी. रे यांनी १९६६ साली या शिंपलीचं वर्णन छापलं आणि आपल्या मुठेकाठच्या गावाला लॅटिन शेपूट लागलं.

हे 'एन्सिस' म्हणजे काय, ते आधी सांगून टाकतो. लॅटिनमध्ये गावाच्या नावाला 'एन्सिस' लावलं की त्याचा अर्थ 'त्या गावचा' असा होतो. आपण पुणेकर, बीडकर म्हणतो, तसंच. तेव्हा ही शिंपली म्हणजे खडकवासलेकर. आम्ही नेकनूरकर, ती खडकवासलेकर. नावाचा पहिला भाग, परेशिया, हे तिचं आडनाव समजा. ते कुठून आलं? व्हिएन्ना शहरात लुडविग परेस नावाचा एक गृहस्थ होता. शंखशिंपले आणि प्राण्यांचे नमुने विकण्याचा त्याचा धंदा. त्याच्या नावावरून कॉनरॅड नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं १८५३ साली ही प्रजाती पाडली. त्याच वर्षी आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली. ऑस्ट्रियातल्या व्यापाऱ्याचं आडनाव आणि हवेली तालुक्यातल्या गावाचा पत्ता घेऊन एक मुका जीव वाळूत बसलेला आहे, आणि त्याला यातलं काहीच माहीत नाही.

मी काही प्राणिशास्त्राचा माणूस नव्हे. माझी बी. ए.ची पदवी आणि चार कवितांची पुस्तकं, एवढंच भांडवल. पण या विषयात शिरलो तो कवितेमुळेच. शिंपला हा आमच्या धंद्यातला जुना माल आहे. स्वाती नक्षत्राचा थेंब शिंपल्यात पडतो आणि त्याचा मोती होतो, हे आपण लहानपणापासून ऐकतो. फारसी-उर्दू कवितेतही हीच कथा आहे, फक्त तिथं स्वातीऐवजी नैसान महिन्याचा पाऊस आहे. अद्वैताच्या ग्रंथांत शिंपला वेगळ्या कामाला येतो. उन्हात चमकणारी शिंप दुरून चांदी वाटते, जवळ गेल्यावर भ्रम फिटतो. म्हणजे एकीकडे मोत्याची कूस आणि दुसरीकडे चांदीचा भास. दोन्हीकडे शिंपल्याच्या आत राहणारा प्राणी कुठंच नाही! हा दोष आपलाच होता असंही नाही. शास्त्रज्ञांनी या शिंपल्यांच्या कुळाला 'युनियोनिडी' हे नाव दिलं. ते ज्या 'युनियो' शब्दावरून आलं त्याचा लॅटिन अर्थ टपोरा मोती. सगळ्यांचीच नजर कवचावर आणि कवचातल्या ऐवजावर. या जिवाच्या वर्गीकरणाचा इतिहास मला वाचावासा वाटला तो याचसाठी. रिकाम्या कवचाकडे बघणारा माणूस हळूहळू आत कसा पाहू लागला आणि शेवटी नदीपर्यंत कसा पोचला, याची ती हकिकत आहे.

सुरुवात १७७४ पासून करता येते. पुरंदर किल्ल्यावर सवाई माधवरावांचा जन्म झाला तेच हे साल. त्या वर्षी डेन्मार्कच्या ओटो फ्रीडरिख म्यूलर यानं हिंदुस्थानातल्या एका शिंपलीला 'कॉरुगाटा' असं नाव दिलं. कॉरुगाटा म्हणजे सुरकुतलेली. तमिळ किनाऱ्यावरचं तरंगंबाडी तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं, हे इथं लक्षात ठेवण्यासारखं आहे. मालाबरोबर, गलबतांबरोबर शंखशिंपलेही युरोपला जायचे. ही सुरकुतलेली शिंपली आज परेशिया कॉरुगाटा म्हणून ओळखली जाते, आणि आपल्या खडकवासलेकरणीची ती भाऊबंदकीतली. दोघींची ठेवण लहान, जाडसर आणि गोलाकडे झुकणारी. कवचाच्या शेंड्याजवळ वळ्या असतात, आजीच्या हातावर असतात तशा.

दुसरी आपल्या ओळखीची जात मोठी आणि लांबट. तळ्यात, बंधाऱ्यात, धरणाच्या गाळात जी वीतभर वाढते असं लोक सांगतात (खरं तर चार बोटं ते फार तर ओंजळभर), ती लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस. तिला मार्जिनॅलिस हे नाव फ्रान्सच्या लामार्कनं १८१९ मध्ये दिलं. इकडे पेशवाई बुडून वर्ष झालं होतं आणि तिकडे पॅरिसमध्ये या म्हाताऱ्याची दृष्टी बुडत आली होती. पाठीचा कणा नसलेल्या प्राण्यांचा त्याचा मोठा ग्रंथ तेव्हा खंडाखंडानं निघत होता. डोळे साथ देईनात तेव्हा तो सांगायचा आणि मुलगी लिहून घ्यायची. १८२९ मध्ये तो गेला तेव्हा घरात एवढं दारिद्र्य होतं की, त्याला भाड्याच्या कबरीत ठेवावं लागलं. पुढं ती जागाही राहिली नाही. आपल्या तळ्यातल्या शिंपल्याचं नाव मात्र अजून त्याच्याच नावानं लागतं.

पण ही सगळी मंडळी बघत होती ती कवचं. जहाजातून येणारा शिंपला रिकामाच येणार. आतला मऊ जीव वाटेतच सडून गेलेला. मग वर्गीकरण करायचं कशावर? आकारावर, रंगावर, वळ्यांवर आणि बिजागरीच्या दातांवर. शिंपल्याच्या दोन पाकळ्या जिथं जुळतात तिथं आतून दात असतात. एका पाकळीचा दात दुसरीच्या खाचेत बसतो, दाराच्या बिजागरीसारखा. लॅमेलिडेन्स या शब्दाचा अर्थच 'पातळ पट्टीसारखे दात असलेली'.

आता यात एक मोठी फसगत होती. शिंपला जिथं राहतो तिथलं पाणी त्याच्या अंगावर उमटतं. वाहत्या, खडकाळ पाण्यात कवच जाड आणि आखूड होतं. संथ गाळात तेच पातळ आणि लांबट होऊ शकतं. आम्लधर्मी पाण्यात शेंड्याकडचा भाग खाल्ला जातो आणि वळ्या दिसेनाशा होतात. मग एकाच जातीचे दोन ठिकाणचे शिंपले दोन वेगळ्या जाती वाटतात. एकोणिसाव्या शतकात अशी नावं शेकड्यांनी पडली. फिलाडेल्फियाचा आयझॅक ली हा पुस्तकांचा प्रकाशक. त्यानं आयुष्यभर छंद म्हणून शिंपल्यांचा अभ्यास केला आणि एकट्यानं हजाराहून अधिक नावं दिली. पुढच्यांना त्यातली बरीच पुसावी लागली. प्रकाशकाला नावं छापायची सवय असते, त्याचाच हा परिणाम असावा, असं मला आपलं वाटतं. आपल्याकडच्या मार्जिनॅलिस आणि कोरिआनस या दोन जाती कशा ओळखायच्या याचा घोळ अजूनही चालतो. त्यातलं कोरिआनस हे १८३४ चं नाव याच लीनं दिलेलं.

म्हणजे पत्ता माहीत नसताना नुसत्या चेहऱ्यावरून माणूस ओळखण्याचा हा प्रकार होता.

आत डोकावलं तेव्हाही आधी चूकच झाली. १७९७ मध्ये राथके नावाच्या शास्त्रज्ञाला शिंपल्याच्या कल्ल्यात असंख्य बारीक, दोन पाकळ्यांचे जीव दिसले. त्याला वाटलं, हे परोपजीवी किडे आहेत, शिंपल्याला खाऊन जगतात. त्यानं त्यांना 'ग्लोकिडियम' असं नावही देऊन टाकलं. ते किडे नव्हतेच. ती शिंपल्याची पिल्लं होती. आईच्या कुशीतल्या लेकरांना तिचे मारेकरी ठरवलं गेलं! चूक सुधारायला पुढं कित्येक वर्षं गेली. नाव मात्र तेच राहिलं, आजही त्या पिल्लांना ग्लोकिडियाच म्हणतात. १८६६ च्या सुमारास लायडिग या जर्मन शास्त्रज्ञाला ही पिल्लं माशाच्या अंगावर सापडली आणि गोष्टीचा दुसरा धागा हाती आला.

ही गोष्ट अशी. शिंपला आयुष्यभर वाळूत अर्धा रुतून बसतो. एक मऊ पाय आहे, त्यानं फार तर थोडं सरकतो. पाणी आत ओढतो, त्यातलं शेवाळ, कुजका कण गाळून खातो आणि निवळ पाणी बाहेर सोडतो. असं दिवसाला कित्येक लिटर. मग याची पोरं नदीत वर कशी चढणार? पिल्लू मोहरीच्या दाण्याहून बारीक. सोडलं तर प्रवाहाबरोबर खाली खाली जाणार. म्हणून निसर्गानं त्याला माशावर बसवलं. मादी पिल्लं पाण्यात सोडते, ती माशाच्या कल्ल्याला किंवा परांना चिमटा घेऊन धरतात, माशाचं कातडं त्यांच्याभोवती वाढतं आणि काही दिवस किंवा आठवडे मासा त्यांना घेऊन हिंडतो. तयार झाली की गळून पडतात. जिथं पडतील तिथं घर. खाली वाळू असेल तर जगतात, खडक किंवा दुर्गंधीचा चिखल असेल तर मरतात. नदीचा मासा संपला की शिंपल्याला पुढची पिढी नाही. मोठे शिंपले तसेच वर्षानुवर्षं बसून राहतात, बघणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे, आणि वाळूत लहान शिंपला मात्र एकही नसतो.

भारतात या आतल्या बाजूकडे नीट पाहिलं ते डॉ. बैनी प्रसाद यांनी. १९१६ मध्ये स्थापन झालेल्या प्राणी सर्वेक्षणाचे ते पुढं पहिले भारतीय संचालक झाले. १९१८ मध्ये त्यांनी भारतीय शिंपल्यांच्या पिल्लांचा आणि ती सांभाळणाऱ्या कल्ल्यांचा अभ्यास छापला. शिंपल्याला कल्ल्याच्या चार पाकळ्या असतात. काही जाती चारही पाकळ्यांत पिल्लं ठेवतात, काही फक्त बाहेरच्या दोन पाकळ्यांत. आई पोरांना कुठं ठेवते यावरून कुळ ठरवायचं, ही मला या साऱ्या शास्त्रातली सर्वांत सुंदर कसोटी वाटते. याच लेखात त्यांनी काही भारतीय शिंपल्यांना चीन-जपानकडच्या म्हणून दिलेलं परकं आडनाव काढून 'इंडोनाया' ही नवी प्रजाती केली.

आता पुन्हा मुठेकडे येऊ. शिंपल्यांच्या कितीतरी आधी या नदीच्या माशांची नोंद झाली होती. कर्नल साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी १८२४ पासून काही वर्षं दख्खनची पाहणी करत हिंडला. त्यानं इथल्या माशांना शास्त्रीय नावं देताना कोळी-भोयांच्या तोंडची नावंच लॅटिनमध्ये बसवली. महसीर कुळातल्या एका माशाचं त्याचं १८३९ चं नाव 'खुद्री', आणखी एकाचं 'कोलस'. खुद्रीचा नमुना पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेतलाच. एकाच नदीनं जगाला एक मासा दिला आणि एक शिंपली दिली. माशाला लोकांनी दिलेलं नाव मिळालं, शिंपलीला गावाचं. लोकांनी शिंपल्यांना जातवार नावं दिलीच नव्हती. लहान ती शिंपी, मोठा तो शिंपला, संपलं. आमच्या घरातल्या दख्खनी बोलीत सगळ्यांना मिळून सीपी.

खडकवासल्याचं धरण १८७० च्या दशकातलं. इंग्रज त्याला लेक फाइफ म्हणत. एखादी जात काही नव्वद वर्षांत तयार होत नाही. तेव्हा जिच्या नावात तलावाचं गाव आहे, ती शिंपली मुळात मुठेची. नदी अडवली गेली तेव्हा ती आत सापडली आणि टिकून राहिली, एवढंच. पत्ता धरणाचा, माहेर नदीचं.

आणि हे माहेर किती जुनं? नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं कॉलेज आजही नागपुरात आहे, ते दगडांतले जीवाश्म गोळा करायचे. आपला काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळात इथं तळी होती, त्या तळ्यांचा गाळ दगड होऊन बसला आहे आणि त्यात गोड्या पाण्याचे शिंपले आहेत. हिस्लॉप यांनी १८६० मध्ये त्यांचं वर्णन छापलं आणि १८६३ मध्ये टाकळघाटजवळ पुराच्या ओढ्यात बुडून ते गेले. त्यांच्याही आधी माल्कमसन नावाच्या लष्करी डॉक्टरनं निजामाच्या मुलखातल्या, गोदावरीपलीकडच्या निर्मलकडच्या डोंगरांतून असे जीवाश्म नेले होते. त्यातल्या एका शिंपल्याला १८४० मध्ये 'युनियो डेक्कनेन्सिस' म्हटलं गेलं. आता तुम्हाला अर्थ सांगायला नको : दख्खनकर. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा दख्खनकर.

अलीकडे वर्गीकरणाचं काम पेशीतल्या जनुकांवरून चालतं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा एका अभ्यासातून दिसलं की, आफ्रिकेतल्या नद्यांतले सीलाटुरा नावाचे शिंपले आपल्या परेशियाच्या गोतावळ्यातले आहेत. दोघांना आता एकाच उपकुळात, परेशियिनीत घालतात. बाहेरून पाहून हे ठरवणं अवघड होतं. कवचाच्या वळ्या मोजणाऱ्यांना जे नातं नक्की करता आलं नाही, ते रक्तामांसात सापडलं.

माणसाचा आणि या जिवाचा संबंधही काल-परवाचा नाही. शिरूर तालुक्यात घोडनदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी या तिघांच्या नावावर तो मोठा अहवाल आहे. तिथल्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या घरांत नदीच्या शिंपल्यांचे अवशेष मिळाले. आमच्या लहानपणी नेकनूरच्या घरांतही शिंपली असायचीच. तान्ह्या बाळाला घुटी पाजायची ती शिंपलीतून. चमचा टोचेल, शिंपलीची कड मऊ. मोठा शिंपला दगडावर घासून त्याला भोक पाडायचं आणि कैऱ्या सोलायच्या. आमची दादी तसले दोन शिंपले लोणच्याच्या दिवसांपुरते कोनाड्यातून काढायची. स्टीलचं सोलणं आलं आणि कोनाडा रिकामा झाला. आता भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्याच्या मत्स्यसंस्थेत याच मार्जिनॅलिस, कोरिआनस आणि कॉरुगाटा या जातींत मोती पिकवायचं तंत्र बसवलं आहे. स्वातीच्या थेंबाची तिथं गरज पडत नाही. शिंपल्याच्या अंगातलाच एक पातळ पडदा कापून दुसऱ्याच्या अंगात बसवतात.

नेकनूरच्या दक्षिणेला मांजरा वाहते. पाटोदा तालुक्यातल्या गवखडीच्या डोंगरात उगवते आणि सव्वासातशे किलोमीटर जाऊन गोदावरीला मिळते. वाटेत धनेगावला मांजरा धरण. पात्रात जिथं वाळू आहे आणि पाणी हलतं आहे तिथं लहान, जाड शिंपल्यांची वस्ती. धरणाच्या संथ गाळात लांबट, पातळ कवचांची. वर्गीकरणाचं पुस्तक नसलं तरी चालेल, पायाखाली काय आहे ते बघा, शिंपला कोणत्या घरचा त्याचा अंदाज येतो. पण आमच्या जिल्ह्यात वाळूचं काय होतं ते मी सांगायला नको. गोदावरी आणि सिंदफणेच्या पात्रांतून रात्री भरून निघणाऱ्या वाहनांच्या बातम्या आपण वाचतोच. वाळू चाळणीवर टाकली की शिंपला वर राहतो, काठावर फेकला जातो आणि दोन दिवसांत उन्हानं उघडतो. बांधकामाच्या वाळूतून पोरं जे शिंपले वेचतात ते असे. पुष्कळदा दोन्ही पाकळ्या अजून जुळलेल्या असतात, म्हणजे मेल्याला फार दिवस झालेले नसतात.

आणि २०१६. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, कारण मांजरा धरण कोरडं पडलं होतं. तळ उघडा पडला, भेगाळला, आणि माणसं मोटारसायकली घेऊन धरण बघायला जाऊ लागली. मीही गेलो होतो. भेगांमधून शिंपले उभे होते. पाणी आटायला लागलं की हा जीव पळत नाही, आणखी खाली रुततो आणि दार लावून घेतो. ओल असेल तोवर तसाच तगतो. ओल गेली की दार आपोआप उघडतं. हजारो दारं उघडी होती आणि दुपारच्या उन्हात आतली चकाकी दुरून खरोखर चांदीसारखी दिसत होती. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका पोरानं विचारलं, "चाचा, हे समुद्राचे आहेत का?" मी त्याला सांगितलं, बेटा, इथलेच आहेत, तुझ्या-माझ्या आधीचे.

त्याच वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस धरण भरलं, दरवाजे उघडावे लागले. पाणी आल्यावर मत्स्यबीज सोडतात, रोहू, कटला, मृगळ. त्याचा हिशेब होतो, ठेका होतो. शिंपल्याचं बीज कुणी सोडत नाही. वरच्या अंगाला एखाद्या डोहात ओल राहिली असेल, तिथं दोन-चार शिंपले तगले असतील, आणि पुराच्या पाण्याबरोबर त्या डोहातला एखादा मासा कल्ल्यात पिल्लं घेऊन धरणात उतरला असेल, तर त्या ठिकाणी पुन्हा वस्ती होते. कवचावर वाढीच्या रेघा असतात. मांजरेच्या तळात आज सापडणाऱ्या शिंपल्यावरच्या रेघा मोजल्या, तर तो त्या उन्हाळ्याच्या आधीचा की नंतरचा, याचा अंदाज करता येईल.